अपमान, संताप आणि राजर्षी शाहू छत्रपती

राजर्षी शाहू छत्रपतींचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांना अपरिचित नाही. २६ जूनला आपण त्यांची जयंती साजरी करतो, सामाजिक न्याय दिन म्हणून ती शाळाशाळांतून पाळली जाते, आणि आरक्षणाचे जनक म्हणून त्यांचे नाव आमच्या पाचवीतल्या मुलांनाही पाठ असते. तरीही चरित्र पाठ असणे वेगळे आणि चरित्रनायकाच्या मनात काय घडले असेल याचा विचार करणे वेगळे. इतिहासाच्या अध्यापनात आयुष्य गेलेल्या आम्हांसारख्यांना हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे. एक राजा अपमानित होतो, संतापतो. आणि त्या संतापातून सूड जन्माला येण्याऐवजी वसतिगृहे, शाळा आणि हुकूमनामे जन्माला येतात. हे कसे घडले? त्याच संतापातून वेगळे काही घडू शकले असते काय? या एका सूत्राने त्यांचे जीवन पुन्हा वाचावे, एवढाच या लेखाचा हेतू.

कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव तीन वर्षांचे असतानाच त्यांच्या मातोश्री राधाबाई निवर्तल्या. दहाव्या वर्षी, १७ मार्च १८८४ रोजी, कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि ते शाहू छत्रपती झाले. आधीचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज इंग्रजांच्या नजरकैदेत अहमदनगरला मरण पावले होते, त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. गादी मिळाली ती अशा सुतकात. बाराव्या वर्षी वडील आबासाहेब घाटगेही गेले. राजकोट येथील राजकुमार महाविद्यालय, त्यानंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर या शिक्षकांची शिकवण, देशभराचा प्रवास, १८९१ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीबाईंशी विवाह आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती, असा हा क्रम आहे. विसाव्या वर्षात असलेला हा तरुण राजा देहाने धिप्पाड, कुस्तीचा आणि शिकारीचा शौकीन होता.

गादीवर आल्यावर त्यांच्यासमोर आलेली एक आकडेवारी प्रसिद्ध आहे. दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ अधिकारी होते, त्यांपैकी ६० ब्राह्मण होते. महाराजांच्या खाजगी खात्यातील ५२ जागांपैकी ४५ जागांवर तोच समाज होता. प्रजेत ज्यांची संख्या प्रचंड, त्यांचे प्रतिनिधी कचेरीत बोटांवर मोजण्याइतके. हे चित्र राजाला खटकले, याची साक्ष त्यानंतरचे त्याचे निर्णय देतात. १८९६ मध्ये त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. परंतु ते लवकरच व्यवहारात एकाच जातीचे होऊन बसले. दार सर्वांसाठी उघडे ठेवले म्हणजे सर्वजण आत येतीलच असे नाही, हा अनुभव तरुण राजाने तिथे घेतला असावा.

ही पार्श्वभूमी आम्ही मुद्दाम आधी सांगितली. वेदोक्त प्रकरणाने शाहू महाराज घडले, असे सर्रास लिहिले जाते. आम्हांस ते अर्धसत्य वाटते. विषमता अन्यायाची आहे ही धारणा त्या प्रकरणाच्या आधीच त्यांच्या मनात रुजू लागली होती. पण ती अद्याप धारणाच होती. तिला वेग मिळाला तो पंचगंगेच्या घाटावर.

१८९९ च्या कार्तिक महिन्यात महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानासाठी जात. बरोबर मुंबईचे विद्वान राजारामशास्त्री भागवत होते. स्नानाच्या वेळी पुरोहित जे मंत्र म्हणत होता ते वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हे शास्त्रीबुवांनी महाराजांच्या लक्षात आणून दिले. पुरोहित स्वतः स्नान न करताच आलेला होता. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले ते असे की, शूद्रांसाठी पुराणोक्त मंत्रच असतात आणि त्यांच्यासाठी पुरोहिताला स्नानाची गरज नसते. ज्या घराण्याच्या मूळ पुरुषाने १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक करवून घेतला, त्या छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या राजाला, त्याच्याच राज्यात, त्याच्याच पगारावर असलेल्या भटजीने शूद्र ठरविले.

येथे क्षणभर थांबून त्या पुरोहिताकडेही पाहिले पाहिजे. तो संतापलेला नव्हता. राजाचा अपमान करावा असा त्याचा हेतू होता असेही दिसत नाही. त्याच्या मते तो फक्त परंपरेने जे सांगितले तेच करीत होता, आणि म्हणूनच तो इतक्या शांतपणे ते बोलू शकला. क्रौर्याला नेहमी रागाची गरज लागते असे नाही. जन्मावरून माणसाची पायरी ठरते अशी श्रद्धा एकदा मनात पक्की बसली की पुढचे सारे थंड डोक्याने करता येते. आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांत रागीट माणसे किती आणि निव्वळ श्रद्धाळू माणसे किती, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

महाराज संतापले. त्या काळच्या संस्थानिकाच्या हाती काय काय होते, याची कल्पना वाचकांनी करावी. घाटावरच्या त्या भटजीला हद्दपार करणे एका शब्दाचे काम होते. त्यांनी तसे केले नाही. राजघराण्याचे राजोपाध्ये होते आप्पासाहेब. त्यांना वेदोक्त विधी करण्याची आज्ञा झाली, मुदती दिल्या गेल्या, शास्त्राधार तपासण्यात आले. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी याआधीच वेदोक्त विधी सुरू केलेले होते, तो दाखलाही समोर होता. राजोपाध्ये बधले नाहीत, तेव्हा १९०२ मध्ये त्यांचे वतन आणि इनामे जप्त झाली. त्यांनी पोलिटिकल एजंटपासून थेट व्हाइसरॉयपर्यंत दाद मागितली, ती फेटाळली गेली. दरम्यान पुण्यात केसरीने महाराजांच्या विरुद्ध लेखणी उचलली. लोकमान्य टिळकांसारखा राष्ट्रीय नेता या प्रश्नावर सनातन्यांच्या बाजूला उभा राहिलेला पाहून महाराजांना काय वाटले असेल? राजकीय स्वातंत्र्याच्या चळवळीकडे ते पुढे आयुष्यभर साशंक नजरेने पाहत राहिले, त्याचे एक मूळ येथे आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. वेदोक्ताची ही लढाई मुळात क्षत्रियत्वाची लढाई होती. आपण क्षत्रिय आहोत, शूद्र नाही, हा तिच्यातील दावा होता. शूद्र मानणे हाच अपमान आहे असे म्हणताना, जे खरोखर शूद्र आणि अतिशूद्र म्हणून हिणवले जात होते त्यांच्याविषयी त्या दाव्यात काही नव्हते. महार, मांग, चांभार यांच्या पदरात वेदोक्ताचा एकही मंत्र पडणार नव्हता, आणि त्यांना तो नकोही होता. महाराज येथेच थांबले असते तर छत्रपतींच्या घराण्याची प्रतिष्ठा राखणारा एक स्वाभिमानी राजा, एवढीच त्यांची नोंद झाली असती. असे स्वाभिमानी राजे हिंदुस्थानात पुष्कळ झाले.

परंतु त्याच तीन वर्षांत, एकीकडे वेदोक्ताचा वाद पेटलेला असताना, दुसरीकडे काय घडत होते ते पाहावे. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराज इंग्लंडला गेले आणि २६ जुलै १९०२ रोजी त्यांचा तो विख्यात आदेश निघाला. संस्थानच्या नोकऱ्यांत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात. ज्या खात्यात त्यांचे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी असेल तिथे पुढची नेमणूक त्यांतूनच व्हावी. आणि दर तिमाहीस प्रत्येक खातेप्रमुखाने किती नेमणुका केल्या याचा अहवाल पाठवावा. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अन्य पुढारलेले वर्ग वगळता सर्वांचा समावेश मागासलेल्या वर्गांत केलेला होता.

त्या आदेशातील तिमाही अहवालाच्या कलमाकडे आम्ही नेहमी वर्गात लक्ष वेधतो. निव्वळ संतापलेला माणूस तिमाही अहवाल मागवीत नाही. संताप घोषणा करतो, आणि घोषणा विरली की तोही विरतो. अहवाल तोच मागवितो ज्याला ठाऊक असते की खालचे कारकून आदेश बासनात गुंडाळून ठेवतील. महाराजांच्या ठायी आता दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. मागासलेपण हे जन्माचे फळ नसून नाकारलेल्या संधीचे फळ आहे, ही धारणा जुनी होती. स्वतःच्या देहावर घेतलेल्या अपमानाची धग नवी होती. धारणेला धग मिळाली नसती तर ती दरबारच्या कागदांत राहिली असती. धगीला धारणा मिळाली नसती तर ती राजोपाध्यांच्या वतनापाशी संपली असती. बुद्धांच्या धम्मात चेतनेलाच कर्म म्हटले आहे. आपल्या मुलांना ही संकल्पना समजावून सांगताना आम्हांस या आदेशाइतके चांगले उदाहरण दुसरे सापडलेले नाही.

पुढच्या वीस वर्षांत कोल्हापूर वसतिगृहांचे शहर झाले. मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. त्यांची संख्या वीसच्या घरात गेली. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातीच बळकट केल्या, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही अधूनमधून घेतला जातो. आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. मात्र १८९६ च्या सामायिक वसतिगृहाचा अनुभव त्यांच्या गाठी होता. शिवाय प्रत्येक समाजाने आपले वसतिगृह आपले मानून त्यासाठी पैसा उभा करावा, मुले गोळा करावीत, असा त्यात व्यवहार होता. तत्त्वाच्या पुस्तकात हा मार्ग बसत नसेल, पण खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा त्या मार्गाने मॅट्रिक झाला.

१९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला दिलेले होते. या वसतिगृहाच्या उद्घाटनास कोल्हापुरात शिकणारा एक जैन तरुण उपस्थित राहिला. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान कर, असे त्याला त्याच्या वसतिगृहात सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि वसतिगृह सोडावे लागले. तो महाराजांच्या आश्रयाला राहिला. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव ते हेच. पंचगंगेवर एका भटजीने राजासाठी स्नान केले नाही म्हणून एक कथा सुरू झाली होती, आणि इथे एका तरुणाने महारांमध्ये बसून आल्यावर स्नान करण्याचे नाकारले म्हणून दुसरी सुरू झाली. १९२४ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातींची मुले एकाच पंगतीत जेवत. त्याला नाव शाहू महाराजांचे मिळाले, पण जातवार वसतिगृहाचा टप्पा शिष्याने ओलांडला होता.

आता आम्ही या लेखाच्या ज्या भागाकडे येत आहोत तो अनेक वाचकांनी बालपणी ऐकलेला असेल. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकरीस होते. जातीने महार. पागेतील पाण्याच्या हौदाला त्यांनी हात लावला. तो हौद मराठा नोकरांचा होता. महाराज त्या वेळी दिल्लीस होते. पागेतील मराठा नोकरांनी गंगारामांना चाबकाने अक्षरशः फोडून काढले. महाराज परतल्यावर गंगारामांनी सोनतळीच्या छावणीत जाऊन पाठीवरचे वळ त्यांना दाखविले. महाराजांचा क्रोध अनावर झाला. ज्यांनी मारले होते त्यांना बोलावून त्यांनी स्वतःच्या हाताने फटके दिले.

या प्रसंगाचे कथन आपल्याकडे साधारणपणे येथे टाळ्या घेते. राजाने न्याय केला, असे आपण म्हणतो. आम्हांस हा प्रसंग वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. मारणारे कोण होते? ते ब्राह्मण नव्हते. ते महाराजांच्याच जातीचे, त्यांच्याच पागेतले, त्यांच्याच मिठाचे लोक होते. घाटावर भटजीने राजाशी जे केले तेच राजाच्या माणसांनी गंगारामांशी केले होते, फक्त तिथे मंत्र होता आणि इथे चाबूक होता. स्वतःला शूद्र म्हटल्याबद्दल पेटून उठलेल्या राजाला त्या दिवशी दिसले असेल की शूद्र ठरविणाऱ्यांची रांग फार लांब आहे आणि तिच्यात आपली माणसेही उभी आहेत. चाबकाने त्या नोकरांची कातडी लाल झाली; त्यांची श्रद्धा बदलली असेल, असे मानायला आम्ही तयार नाही. मार खाल्लेला माणूस मार चुकवायला शिकतो, इतकेच.

महाराजांनाही ते कळले असावे, कारण ते चाबकापाशी थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांना नोकरीतून मोकळे केले, स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले आणि त्यासाठी आर्थिक साह्य दिले. गंगारामांनी कोल्हापुरात भर वस्तीत चहाचे हॉटेल काढले, त्याचे नाव सत्यसुधारक. हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता, पण महाराच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. ही बातमी महाराजांपर्यंत गेली. मग त्यांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबू लागली. महाराज गाडीत बसूनच चहा मागवीत. एकटे पीत नसत. सोबतच्या मराठा सरदारांना आणि अधिकाऱ्यांनाही तो चहा घ्यावा लागे. छत्रपतींनी पुढे केलेला कप नाकारण्याची हिंमत कोणात होती? कामासाठी, सह्यांसाठी जे महाराजांना भेटायला येत त्यांचीही गाठ त्याच चहाशी पडे. हळूहळू गिऱ्हाईक येऊ लागले.

चाबूक आणि चहाचा कप. दोन्ही त्याच हातातले, दोन्हींच्या मागे तोच संताप. पण चहा पिणाऱ्या सरदाराला पहिल्या दिवशी किळस आली असेल, दुसऱ्या दिवशी संकोच वाटला असेल आणि महिन्याभराने तो चहा नुसता चहा झाला असेल. माणसाची श्रद्धा कृतीला जन्म देते हे खरे. पण वारंवार केलेली कृतीही श्रद्धेला हळूहळू वाकविते, हे महाराजांनी कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय ओळखले होते. वसतिगृहात एका ताटाला ताट लावून जेवणारी मुले आमच्याही डोळ्यांसमोर याच मार्गाने बदलत आली आहेत. पहिल्या आठवड्यात जी मुले आडनाव विचारून जागा बदलतात, तीच दिवाळीच्या सुटीला जाताना एकमेकांच्या गावचे पत्ते मागतात.

गंगारामांच्या प्रसंगाच्या आसपासच्या त्या काही वर्षांत महाराजांच्या हुकूमनाम्यांना विलक्षण वेग आला. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड. १९१८ मध्ये महार वतन रद्द. पिढ्यान्‌पिढ्या वेठीला जुंपणाऱ्या जमिनी रयतावा झाल्या. त्याच सुमारास कुलकर्णी वतने जाऊन पगारी तलाठी आले. ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून रोज पोलिसांकडे हजेरी लावावी लागे त्यांची हजेरी बंद झाली. १९१९ मध्ये अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे, दवाखाने, कचेऱ्या, धर्मशाळा खुल्या करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी त्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळांत बसविण्यात आले. दवाखान्यातील ज्या नोकरांना अस्पृश्य रुग्णाला हात लावणे मान्य नसेल त्यांनी राजीनामा द्यावा, अशी त्यात स्पष्ट तंबी होती. महार वतनाचे महत्त्व ज्यांना कळत नसेल त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की, ब्रिटिश मुलखात हेच जोखड काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले आणि प्रत्यक्षात वतने गेली ती बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ च्या कायद्याने. कोल्हापुरात हे चाळीस वर्षे आधी घडले.

या वेगाच्या मध्यावर एक मोठा घाव बसला. १२ जून १९१८ रोजी धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघाताने मरण पावले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी अजून बालिकाच होत्या. विवाहाला जेमतेम वर्ष झाले होते. राजघराण्यातील बालविधवेच्या वाट्याला काय येते ते सर्वांना माहीत होते. महाराजांनी सुनेला सोनतळीस ठेवून तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि सोबतीला इतर जातींच्या मुली ठेवल्या. राजवाड्यातून याला विरोध झाला. त्यांनी तो जुमानला नाही. दुःखाने खचलेला बाप देवधर्मात बुडून जाणे हे आपल्याकडे स्वाभाविक मानले जाते. या बापाने मुलाचे दुःख सुनेच्या पाटीपेन्सिलीत रूपांतरित केले.

मूकनायकाचा प्रसंग याच्या पाठोपाठचा. कोल्हापूरचे दत्तोबा पवार यांच्यामुळे महाराजांचा आणि डॉ. आंबेडकरांचा परिचय झाला. महाराज मुंबईला बाबासाहेबांच्या परळच्या चाळीत स्वतः जाऊन भेटले. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या मूकनायकासाठी त्यांनी अडीच हजार रुपयांचे साह्य दिले. त्यानंतर २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. छत्रपती त्या परिषदेस पाहुणे म्हणून आले आणि तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे, या आशयाचे शब्द बोलून गेले. एका राजाने आपल्या प्रजेला, तुमचे नेतृत्व आता माझ्याकडे नको, तुमच्यातल्याकडे असू द्या, असे सांगणे ही लहान गोष्ट नव्हती. दानशूर राजे इतिहासात अनेक आहेत. आपल्या दानाची गरजच उरू नये म्हणून वाट मोकळी करणारे थोडे.

महाराजांच्या विचारांची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यावाचून हे चरित्र आरतीसारखे होईल. ब्राह्मण पुरोहिताची सत्ता मोडण्यासाठी त्यांनी १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरू हे नवे पीठ निर्माण केले आणि त्यावर सदाशिवराव बेनाडीकर यांची नेमणूक केली. सत्यशोधक समाज आणि आर्य समाज या दोहोंनाही त्यांनी आश्रय दिला. जुना पुरोहित हटवून आपला पुरोहित बसविला की गुलामी संपेल, असा काहीसा विश्वास त्यामागे दिसतो. वेदोक्ताच्या घाटावर झालेल्या जखमेची ती खूण असावी. ज्या दाराशी अपमान झाला त्याच दारातून सन्मानाने आत जाण्याची ओढ माणसाला सहजी सोडत नाही. बाबासाहेबांनी त्या दाराकडे पाठ फिरविली. पण पाठ फिरविण्याइतके बळ आमच्या समाजात येण्यासाठी जी शिकलेली पिढी लागली, तिच्यापैकी काहींना पहिली पाटी कोल्हापूरच्या हुकूमनाम्यांनी दिली होती. दोघांचा मार्ग वेगळा म्हणून त्यांना एकमेकांसमोर उभे करणाऱ्या मंडळींनी माणगावचे दोन दिवस पुन्हा वाचावेत.

शेवटच्या वर्षांत महाराजांची प्रकृती ढासळली. मधुमेहाने ग्रासले होते, पुत्रशोकाने मन थकले होते, वर्तमानपत्रांतील निंदा चालूच होती. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, खेतवाडीतील पन्हाळा लॉज येथे त्यांचे निधन झाले. वय ४७ वर्षे. राजवट अवघी २८ वर्षांची.

पार्थिव कोल्हापूरला आणले गेले आणि पंचगंगेच्या काठी अंत्यसंस्कार झाले. तीच नदी, जिच्या घाटावर तेवीस वर्षांपूर्वी एक भटजी स्नान न करता मंत्र म्हणत उभा होता. महाराजांच्या पश्चात सरदार, जहागीरदार, पदाधिकारी पुष्कळ होते, आणि त्यांच्या स्मारकाच्या योजनाही झाल्या असतील. परंतु त्यांचे पहिले स्मारक कोल्हापुरात काही वर्षांतच उभे केले ते अस्पृश्य समाजातील लोकांनी, आपापसांत वर्गणी गोळा करून. त्या कामात पुढाकार होता चहाच्या हॉटेलाचे मालक गंगाराम कांबळे यांचा.